बावीस पोरांचा लपंडाव

पावसाळ्याच्या तोंडाशी देवानंद इंगळे सरांनी बीबी गावातल्या चहाच्या टपरीवर, चार माणसांच्या देखत, जाहीर करून टाकलं की दिवाळी झाली की ती पिवळी बस चिंचमाळ वस्तीच्या फाट्यावरून रिकामीच परत जाणार.

"कोणाच्या भरवशावर, सर?" टपरीवाल्यानं विचारलं.

"इंग्रजीच्या."

टपरीवाल्यानं आधी सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या कपात. चहात काही पडलं की काय, अशी त्याला शंका आली असावी.

पिवळी बस होती इंग्रजी शाळेची. टाय बांधलेली पोरं रोज सकाळी त्या बसमध्ये चढत आणि संध्याकाळी टाय खिशात घालून उतरत. दोन वर्षांत तिनं सरांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट एकेचाळीसवरून बावीसवर आणला होता. आणि वीसच्या खाली गेला की ही शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत विलीन होणार, अशी बोलवा होती. चार किलोमीटर चालायचं, मध्ये नाला. तिसरीतल्या मयुरीच्या बापानं, कचरूनं, सरांना तोंडावर सांगून टाकलं होतं, "शाळा इथं हाये तवरक शिकल ते. नाल्यापल्याड नाई पाठवत, सर. आम्ही दोघं वावरात. मंग लहानग्याले कोण पाह्यल?"

मयुरी शाळेतली सगळ्यात हुशार पोरगी. म्हणजे सरांच्या दृष्टीनं प्रश्न शाळेचा नव्हताच. मयुरीचा होता. शाळा आपली तिच्या भोवतीनं बांधलेली होती.

त्यात शेगावला तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं: खेळातून परकीय भाषा. दुसऱ्या दिवशी दुपारून बाकीचे शिक्षक दर्शनाला गेले. इंगळे सर एकटेच हॉलमध्ये बसून टिपणं घेत राहिले. आता माणसानं एवढी टिपणं घेतली की ती कुठंतरी वापरल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

सरांनी लपंडाव इंग्रजीत नेला. नियम सोपा होता. पोरांनी लपायचं. शोधणाऱ्यानं पूर्ण वाक्य म्हणायचं: व्हेअर आर यू? प्लीज कम आऊट. तरच बाहेर यायचं. मराठीत हाक आली, हलायचं नाही. अर्धं वाक्य आलं, हलायचं नाही. "आणि प्लीज नसल त तो माणूस अर्धवट शिकलेला समजायचा," सरांनी बजावलं. "अशा माणसाचं ऐकायचं नाई."

महिनाभरात पोरं इतकी तयार झाली की सरच घाबरले. खिचडी शिजवणाऱ्या जनकाबाई पहिल्याच आठवड्यात पातेलं उतरवून ओरडल्या, "या रे, ताटं घ्या." कोणी येईना. भूक लागलेली पोरं पाण्याच्या टाकीमागं बसून खिचडीचा वास घेत होती, पण फुटली नाहीत.

"सर, हे काय शिकवून राह्यले तुम्ही पोराईले? उपाशी राहाले?"

"बाई, ते एक वाक्य म्हना. येतात का नाई पाहा."

जनकाबाईंनी तोंड पातेल्याकडे वळवलं, डोक्यावरचा पदर ओढला आणि पळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाक्य म्हटलं. बावीस पोरं चहूबाजूंनी धावून आली. तेव्हापासून त्या रोज तसंच म्हणत. पातेल्याकडे तोंड करून. "माणसाईसमोर नाई म्हनत मी," त्या सरांना म्हणाल्या. "माह्या तोंडी ते ऐकून लोक हासतीन."

मग ते वाक्य वस्तीभर झालं. आया चुलीपुढून म्हणू लागल्या. शाळेशेजारच्या कडूबाची बकरी चुकली, तेव्हा तोही काठी टेकत तुरीच्या वावरात ओरडत फिरला, "प्लीज कम आऊट." बकरी आली. तिच्यावर तसा कोणताच नियम नव्हता.

दिवाळी झाली. पिवळी बस भरलेलीच जात राहिली. पण सर आता बसच्या पुढचा विचार करत होते. जानेवारीत तालुक्याहून साहेब येणार होते, पट मोजायला. कागदावरचा नाही, डोक्यांचा.

बावीस डोकी बाकावर बसवून मोजून द्यावीत आणि चहा पाजून साहेबांना वाटेला लावावं, हे कोणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. सरांनी मात्र टिपणं घेतली होती.

"साहेब येतीन तवा शाळा रिकामी दिसली पाह्यजे," त्यांनी पोरांना समजावलं. "मी फाट्यावर जाऊन त्याईले घेऊन येतो. मी वाक्य म्हनलं की सगळ्याईनं एकदम निघायचं. साहेब मधीच मराठीत बोलावतीन. परीक्षा पाहाले. काय करायचं?"

"हलायचं नाई," बावीस आवाज.

त्या दिवशी सकाळी नऊपासून सर इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात गुलाब घेऊन, फाट्यावर मोटारसायकलला टेकून उभे होते. आणि साहेबांची जीप साखरखेर्ड्याच्या बाजूनं, कच्च्या रस्त्यानं, मागून शाळेत शिरली. ड्रायव्हर हुशार निघाला, त्याला जवळचा रस्ता ठाऊक होता.

पुढचं सरांना नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

साहेबांनी वर्गात डोकावलं. बाकं होती. फळ्यावर तारीख होती. माणूस म्हणून एक जनकाबाई.

"शाळा बंद आहे का, मावशी?"

"नाई साहेब, चालू हाये."

"मग पोरं कुठायत?"

"हायेत ना. बावीसच्या बावीस हायेत."

"कुठं?"

"लपले."

साहेबांची वीस वर्षं नोकरी झाली होती. पोरं नसण्याची कारणं त्यांना पाठ होती: गोवर, लग्न, पोळा, माकडं. हे नवीन होतं.

"बोलवा त्यांना."

जनकाबाईंनी हाक मारली. "पोराहो, साहेब आले, या." सगळं चिडीचूप. "मयुरे, ये वं माय." मयुरी चुलीजवळच्या जळणाच्या तुऱ्हाट्यांच्या ढिगात, दोन्ही हातांनी तोंड दाबून. टाकीमागं कोणाला तरी शिंक आली होती, ती त्यानं गिळली. शिंक गिळणं सोपं नसतं, पण शिक्षण ते शिक्षण.

साहेबांनी मग स्वतःच करड्या आवाजात हुकूम सोडला, "कम आऊट."

ढीग जरा हलला. पण प्लीज कुठं होतं?

जनकाबाईंच्या ओठांवर वाक्य आलं होतं. ते त्यांनी नंतर सरांना शपथेवर सांगितलं. पण ड्रायव्हर जीपला टेकून त्यांच्याकडेच बघत होता, आणि आताच हसू लागला होता. त्यांनी पदर पुढं ओढला. "खिचडी लागल साहेब बुडाले," असं म्हणून त्या पातेल्याकडे वळल्या.

साहेबांनी मोबाइल काढला. रिकामा वर्ग. रिकामं अंगण. भरलेलं पातेलं. बावीस जणांची खिचडी आणि जेवायला कोणी नाही, म्हणजे प्रकरण आणखीच वाढलं. मग जीप आली तशी गेली.

सर परतले तेव्हा अंगणात चाकांचे ठसे होते. जनकाबाईंनी खाली बघत सगळं सांगितलं. सरांनी गुलाब खिडकीत ठेवला. मग त्यांनी वाक्य म्हटलं. पोरं काय तशीच ठेवायची?

बावीसही निघाली. केसांत तुरीचा पाला, गुडघ्यांना माती. एका सुरात, एकही चूक न करता: "गुड मॉर्निंग सर, वेलकम टू अवर स्कूल." दुसरीतला गोपालसुद्धा वेलकम बरोबर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"सर," मयुरी धापा टाकत म्हणाली, "आमाले तीनदा बोलावलं. कोनीच नाई हाललं. साहेब काय म्हनले?"

"शाबास म्हनले," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर खुलासा घेऊन तालुक्याला गेले. खुलाशात लिहिलं होतं: विद्यार्थी पूर्ण संख्येने उपस्थित होते, तथापि लपलेले होते.

"इंगळे, हे मी वर कसं पाठवू?" साहेबांनी विचारलं. वाईट नव्हते साहेब. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणीही दिलं, मग मोबाइलवरचे फोटो पुढं धरले.

"साहेब, तुमचाच फोटो मोठा करून पाहा. अंगणाचा. डावीकडं तुऱ्हाट्या हायेत, तिथं खाली."

साहेबांनी दोन बोटांनी फोटो ताणला. "हे काय आहे?"

"पाय हाये. मयुरीचा."

साहेबांनी बराच वेळ पायाकडे पाहिलं. "आहे खरा. पण एका पायावर मी बावीस पोरं कशी दाखवू?"

"आज पुन्हा या साहेब. आता चला. जीप नसल त माह्या गाडीवर."

"विलीन करायच्या शाळांची यादी कालच गेली, इंगळे."

एप्रिलात विलीनीकरणाचा आदेश आला. त्या संध्याकाळी जनकाबाई सरांपुढं येऊन उभ्या राहिल्या. "सर, माह्याच्यानं झालं. मले येत होतं." आणि अंगणाच्या मधोमध, पदर न ओढता, त्यांनी ते वाक्य खड्या आवाजात पुरं म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही.

"तुमच्याच्यानं नाई बाई," सर म्हणाले. "मले फाट्यावर उभं राहाची हौस आलती."

जूनमध्ये सहा पोरं पिवळ्या बसमध्ये चढली. तेरा नाल्यापलीकडच्या शाळेत आली, तिथं बदली झालेल्या सरांच्या पाठोपाठ. तीन पोरी घरी राहिल्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर कचरूच्या घरी गेले. मयुरी ओट्यावर भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला डाव्या हातावर घेतलं आणि उजव्यानं सरांना पाण्याचा तांब्या दिला. सरांनी गाडीवर नेतो म्हटलं, सोडून देतो म्हटलं. कचरूनं सगळं ऐकून घेतलं. "तिले तुम्ही न्यालच सर. पन याले?" त्यानं लहानग्याकडे बोट दाखवलं.

निघताना मयुरी फाटकापर्यंत आली. "सर, त्या दिवशी आमी मराठीतल्या हाकेवरच निघून आलो असतो, त आमी आऊट झालो असतो का?"

सरांनी गाडीला किक मारली. ती लागली नाही, हे बरं झालं. तेवढाच वेळ मिळाला. "नाई," ते म्हणाले. "मी आऊट झालो असतो."

दसऱ्याच्या आधी बुलडाण्याला शिक्षकांची कार्यशाळा झाली. विषय तोच, खेळातून परकीय भाषा. कोणाच्या तरी जुन्या यादीत नाव राहिलं होतं म्हणून सरांना मार्गदर्शक म्हणून बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, आणि जिल्ह्यातले अनुभवी प्रयोगशील शिक्षक अशी ओळख करून दिली. समोर साठ शिक्षक वह्या उघडून बसलेले. पहिल्या रांगेतल्या प्राची मॅडम, नुकत्याच नोकरीला लागलेल्या, उत्साहानं उभ्या राहिल्या.

"सर, लपंडावाचा प्रयोग किती मुलांवर केला?"

"बावीस."

"आणि निकाल?"

सरांनी शाल सारखी केली. "शंभर टक्के," ते म्हणाले. "एकही पोरगं बाहेर आलं नाई."

साठ जणांनी ते लिहून घेतलं.