गिरजाचा प्लूटो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाटाणे सोलणं. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर, दिवस मावळताना. मोहरीएवढा एक दाणा मी फोलपटांत टाकला, तशी गिरजाने माझ्या हातावर चापट मारली.

"काहून फेकता जी त्याले? लहान आहे म्हणून?"

"त्याची काय भाजी होते वं?"

"प्लूटो आहे तो. ठेवा ताटात."

तर अशी माझी बायको.

प्लूटो म्हणजे आभाळातला पार शेवटचा ग्रह. म्हणजे होता. मग शास्त्रज्ञांनी त्याला ग्रहांतून काढलं अन् खुजा म्हणून वेगळा बसवला. मी चौथी पास, ती सातवी, म्हणून पेपर तीच मोठ्याने वाचायची. ती बातमी वाचली त्या दिवशी भाजी करपली.

"आपल्या वाटेवरचा कचरा साफ केला नाही म्हणून काढलं म्हणते त्याले," ती म्हणाली. "असं असन तं आपल्या गल्लीत एक घर नाही उरत."

शेजारच्या झाडेबाई तेव्हा अंगणातला कचरा आमच्या बाजूला लोटत होत्या. त्यांनी बरेच दिवस बोलणं टाकलं.

प्लूटोला पाच चंद्र आहेत, हेही मला तिनेच सांगितलं. एक मोठा, चार चिल्लर. त्यांची खरी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने आपली ठेवली. मोठा तो घरधनी. बाकीच्या चिंगी, बेबी, मुन्नी आणि शेंडेफळ. आम्हाला मूलबाळ नाही.

प्लूटो आणि तो घरधनी म्हणे एकमेकांकडे तोंड करूनच फिरतात, पाठ कधी दाखवत नाहीत. हे कळल्यापासून माझ्या जेवणाचे हाल. मी टीव्हीकडे वळलो की ती आपलं ताट उचलून समोर येऊन बसायची. बातम्या तिच्या खांद्यावरून पाहाव्या लागत.

घरावर स्लॅब टाकला तेव्हा वास्तुशांत घातली. गुरुजींनी नवग्रहांच्या नऊ सुपाऱ्या मांडल्या. हिने हळूच दहावी ठेवली, बाजूला पाच तीळ.

"माय, हे काय?"

"प्लूटो. अन् त्याचं घरदार."

"नवग्रहांत तो बसत नाही."

"राहू-केतू बसतात ना? एकाले धड नाही, एकाले मुंडकं नाही. याचा तं पेपरात फोटो आला महाराज. अंगावर बदाम आहे, पत्त्यातल्यासारखा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्लॅबकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. सुपारी राहिली.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण एक गोष्ट गल्लीत कोणाला माहीत नव्हती.

गिरजा खापा गावची. मी मिलमधला कामगार, जात दुसरी. ती माझ्यासोबत निघून आली, त्या दिवसापासून तिच्या घरी तिचं नाव कोणी घेतलं नाही. भावांची लग्नं झाली, पत्रिकेत ही नाही. आई गेली ते तिला भाजीबाजारात एका ओळखीच्या बाईकडून कळलं. भाजी घेऊन घरी आली, तेव्हा मला सांगितलं.

भाऊबीजेला, ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. गिरजाला तीन भाऊ. तरी ती चंद्राला ओवाळायची. मग ताट थोडं वर धरून, जिथे काहीच दिसत नाही तिकडेही एकदा फिरवायची. मी विचारलं, तिकडे कोण? म्हणाली, "तोही वाट पाहून राहिला असन कोणाची."

माहेराकडून तिने एकच मागितलं. तेही त्यांच्याकडे नाही, माझ्याजवळ. नवऱ्याआधी बाई गेली तर तिला माहेरचं लुगडं नेसवतात. "मी सवाशीण गेली तं लुगडं खाप्याचं पाहिजे. तेवढं तं देतीन ते."

वाटाणे सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली.

मी खाप्याला तिच्या मोठ्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आमची बहीण तवाच मेली." अन् फोन ठेवला.

बायांनी तिला न्हाऊ घातलं. झाडेबाई बाहेर आल्या. "भाऊ, माहेरचं लुगडं?"

मी म्हटलं, "खाप्याहून माणूस येऊन राहिला. बसस्टॅंडवर पाहून येतो."

चौकातल्या दुकानदाराला घरून उठवलं, शटर उघडायला लावलं. हिरवं, मोठ्या काठाचं लुगडं घेतलं. दुकानाचं नाव असलेली पिशवी त्याला परत केली. किमतीची चिठ्ठी तोडून खिशात घातली. मग खाप्याच्या बसला यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ चौकात बसून राहिलो.

घरी येऊन लुगडं झाडेबाईंच्या हातात दिलं.

"कोण आलं होतं जी?"

"मोठा भाऊ. लय रडून राहिला होता. इथपर्यंत येववलं नाही त्याच्यानं," मी म्हटलं. "नेसवा आता."