उंबराची रिक्त जागा

तळेकोंडच्या रानातली धनेश पक्ष्यांची शेवटची जोडी संपली, तेव्हा माघ महिन्यात त्यांचं काम राघो पाष्टे आणि त्याची बायको शेवंती यांच्याकडे आलं.

पंचक्रोशीत ही पद्धत नवी नव्हती. जो जीव संपेल त्याचं काम कुठल्या तरी मंडळाने उचलायचं, असं पाच गावांच्या संयुक्त समितीने सहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. बेडकांचं काम वरच्या वाडीच्या भजनी मंडळाकडे होतं. ते पावसाळाभर खाचरात बसून असत. काजव्यांचं महिला बचत गट बघे. गिधाडांचं क्रिकेट संघाने घेतलं होतं आणि त्याबद्दल त्यांना कोणी फारसं विचारत नसे. एका माणसाकडे एकच जीव, हा नियम मात्र कडक होता. धनेशासाठी न मोडणारी जोडी लागते. बत्तीस वर्षं भांडत का होईना, पण एकत्र राहिलेले पाष्टे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले.

समितीचे सचिव अनंत भुवड नोंदवही घेऊन घरी आले.

"वहिनी, मादीने झाडाच्या ढोलीत बसायचं. ढोलीचं तोंड आतून लिंपून घ्यायचं, फक्त एक फट ठेवायची. नराने उंबरं आणून भरवायची. चार महिने."

"चार महिने ह्यांच्या हातचं खायचं?" शेवंती म्हणाली. "ह्यांनी कधी कप विसळला नाय."

"हातचं नाही, तोंडचं," भुवडांनी वहीत बघून दुरुस्ती केली.

फाल्गुनात शेवंती बेहड्याच्या ढोलीत शिरली. चूल सारवावी तसं तिने तोंड नीट सारवून घेतलं. राघो नदीकाठच्या तीन उंबरांवरून फळं आणी, एका खेपेला एकोणीस. गालात आणि घशात तेवढीच मावत. शिडीवर चढून तो एकेक फळ फटीतून आत सरकवी. मग शेवंती विचारी, म्हशीने दूध किती दिलं, वाडीत कोण आलं, कोण गेलं. दोघं जेवढं बोलली, तेवढं बत्तीस वर्षांत बोलली नव्हती.

चैत्रात नदीकाठची उंबराची तिन्ही झाडं तोडली गेली. जमीन बाळा राण्याची होती. तो समितीचाच सभासद.

"मधमाश्यांचं काम मी पहाटेपासून करतो," तो सभेत म्हणाला. "त्यात कसूर असेल तर दाखवा. झाडं माझ्या सातबाऱ्यावरची होती."

कसूर कोणालाच दाखवता येईना. शोकप्रस्ताव झाला. उंबराची जागा रिक्त झाल्याची नोंद झाली.

"दोन दिवस ती उपाशी आहे," राघो उभा राहून म्हणाला. "मी भिंत फोडतो."

"भिंत आतून फोडायची असते, राघोभाऊ," भुवड समजावत म्हणाले. "बाहेरून फोडली तर वीण धरत नाही."

राघो तसाच रानात गेला आणि शिडी चढला. "शेवंते, बाहेर ये गो."

"कशी येऊ? पिसं गळली सगळी." आतून सावकाश आवाज आला. "आणि अंडी दोन आहेत. उबेवरून उठता येत नाय. काय आणलंत?"

राघोने काही आणलं नव्हतं.

दुसऱ्या सभेत भुवडांनी उंबराच्या जागेसाठी पाचही गावांची यादी वाचली. प्रत्येक माणूस काही ना काही होता. भजनी मंडळ माणूस सोडायला तयार नव्हतं, बचत गटात आधीच बायका कमी. शेवटी भुवडांचं बोट एका नावापाशी थांबलं.

"उंबरं नाहीत म्हणजे राघोभाऊ, तुमचं काम तसं बंदच आहे. मोकळे असे तुम्हीच."

राघोने बराच विचार केला. उंबर नसेल तर फळ नाही, एवढं त्याला कळत होतं.

"मग मला त्या बेहड्याच्या शेजारीच लावा," तो म्हणाला. "हात पोचेल असा."

उंबर नदीकाठीच हवं, असा आक्षेप निघाला. पण विशेष बाब म्हणून जागा मंजूर झाली. भुवडांनी धनेश नराच्या रकान्यातलं नाव खोडून उंबराच्या रकान्यात लिहिलं.

राघो चांगला रुजला. आठवड्याभरात अंगावर फळ धरलं. ढोलीच्या दिशेची फांदी त्याने होईल तेवढी लांबवली. ती दोन हात कमी पडली. समितीने मोजून पाहिलं आणि तशी नोंद केली.

धनेश नराच्या जागेसाठी पाटी लावली आहे. जोडीची अट असल्यामुळे कोणाच्याही बायकोने नवऱ्याला अर्ज करू दिलेला नाही.

वैशाखातल्या एका दुपारी फटीतून शेवंतीची दोन बोटं बाहेर आली आणि हवेत चाचपडली.

"अवो, आलात?"

"इथंच आहे."

"मग चढा की वर."

"पाय निघत नाहीत."

बोटं थोडा वेळ तशीच राहिली, मग आत गेली.

"पिकलीत का?"

"पिकलीत. एकोणीस."

"सांगा तरी, कशी आहेत."

राघोने पहिल्या फळापासून सांगायला सुरुवात केली. एक लाल होतं, देठाशी जरा हिरवं. दुसरं त्याहून मोठं, एका बाजूने चिरलेलं, आतून ओलं. तो सावकाश सांगत होता. सातव्या फळापर्यंत आतून हुंकार येत होता.

त्याने एकोणीसच्या एकोणीस सांगितली.