गोणपाटातला लेथ आणि एक लिंबू

लपवाछपवीत माझा हात धरणारं अख्ख्या घोडपदेवात कोणी नाही, हे मी नम्रपणे सांगते. एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत राहून मी एकवीस हत्यारं आईपासून लपवली. आणि माझी आई म्हणजे डब्यातला एक काजू कमी झाला तरी ओळखणारी बाई!

हत्यारं बाबांची. बाबा विमा कचेरीत पेनाहून जड काही उचलत नाहीत. पण आजोबा गिरणीत फिटर होते, ते रक्त बाबांच्या अंगात उशिरा उसळलं. आधी नागदेवी स्ट्रीटवरून कानस आणली. घासताना वस्तू धरायला हवी, म्हणून व्हाइस. मग ड्रिल. ड्रिलने पाडलेलं भोक मोजायला व्हर्नियर. व्हर्नियर खरं बोलतोय का ते तपासायला मायक्रोमीटर! या सगळ्यातून आजवर घरात तयार झालेली वस्तू एकच, नळाचा वॉशर. तोही नळाला बसला नाही.

शेवटी आईने जाहीर केलं, "यापुढे लोखंडाचा एक तुकडा जरी आला, तरी सगळं भंगारात!"

तेव्हा बाबांना माझी गरज पडली. दहावीत गेल्यापासून माझ्यात जाम कॉन्फिडन्स आलाय. मोबाइलवर जुनी हत्यारं शोधणं माझ्याकडे, घासाघीस माझ्याकडे, लपवणं तर माझ्याकडेच! घरात आईची नजर, म्हणून मी सगळा माल कॉमन गॅलरीत पांगवला. दुसरं, नवं ड्रिल शेजारच्या रामजीकाकांच्या बंद कूलरमध्ये. पान्यांचा सेट मीटरच्या पेटीमागे. आणि सगळ्यांची महाराणी, लोखंड कातायचा, चाळीस किलोचा छोटा लेथ! आई प्रभादेवीला मामाकडे गेली त्या रविवारी तो आला. आम्ही तो गोणपाटात गुंडाळला, सुतळीने बांधला आणि कांताकाकूंच्या दाराशेजारच्या बाकड्याखाली सरकवला. काकूंना वाटलं, हे रामजीकाकांचं सिमेंट. रामजीकाकांना वाटलं, काकूंचे कोळसे. पाच महिने दोघं एकमेकांवर धुसफुसत होते, पण विचारलं कोणीच नाही. याला म्हणतात प्लॅनिंग!

मग आली खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. आईने पाटावर कोयता, विळी, कात्री आणि बाबांची आधीची, तिला माहीत असलेली हत्यारं मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. बाबा मात्र घामाघूम. मला मोरीपाशी ओढून कुजबुजले, "तेजू, बाकीच्यांचं काय?"

"कोण बाकीचे?"

"अगं, बाहेरची! आज पूजा चुकली तर हत्यार वर्षभरात हात कापतं. आजोबा सांगायचे."

"बाबा, पान्यांचा सेट काय कापणार?"

"लेथ कापेल ना!"

मुद्दा बरोबर होता. आई घावनांच्या तव्यापाशी अडकली होती. मी ताट घेतलं आणि सटकले. कूलरवर कुंकू, अक्षता, झेंडू. मीटरच्या पेटीमागे तेच. अशा नऊ जागा. शेवटी लेथ. एवढं मोठं मशीन, त्याचा मान मोठा! टॅक्सीला लिंबू बांधतात, मग लेथने काय घोडं मारलंय? गोणपाटावर कुंकवाची पाच बोटं ठसठशीत ओढली आणि वर लिंबू ठेवलं. लिंबू ही माझी स्वतःची आयडिया.

दहा मिनिटांत किंकाळी!

"करणी! मेल्यांनो, माझ्या दारात करणी केली कोणी!" कांताकाकू!

चाळ गोळा झाली. रामजीकाका ओरडले, "माझ्या कूलरवर पण! मीटरपाशी पण! नवमीला नऊ जागा! जाणकाराचं काम आहे हे!"

मला क्षणभर अभिमानच वाटला.

काकूंची नजर वरच्या मजल्याकडे गेली. "शांतीचंच काम! परवा पाण्यावरून भांडली ना!"

शांतीमावशी भायखळ्याच्या बाजारात मासळी विकतात. त्या जिना उतरल्या त्या हातात कोयता घेऊनच. नुकताच पूजलेला, कुंकू अजून ओलं! "कोण गं मला चेटकीण म्हणतं? तोंडावर बोल!"

"मग लिंबू काय चालत आलं?"

"मी मासे विकते, लिंबं नाही!"

आई मध्ये पडली. "भांडू नका! ज्याने हे केलंय त्याचे हात आधी मी मोडणार!"

बाबांनी दोन्ही हात खिशात घातले.

बाकड्याखालचं गाठोडं आपल्यापैकी कोणाचंच नाही, हे काकू आणि रामजीकाकांना आजच कळलं, म्हणजे करणी त्यातच! ठरलं, की गाठोडं न उघडता, हात न लावता, बांबूने जिन्यावरून ढकलायचं. रामजीकाकांनी बांबू घातला, जोर केला. गाठोडं ढिम्म! बांबूच मोडला!

"बघा! करणी जागची हलत नाही!" काकूंनी रामरक्षा सुरू केली.

मग चार माणसं, दोन बांबू. गाठोडं सरकत सरकत जिन्याच्या तोंडाशी आलं. खाली सोळा दगडी पायऱ्या. बाबांच्या घशातून उंदरासारखा आवाज निघाला. एक धक्का, आणि महाराणीचे तुकडे!

"थांबा!" मी गाठोड्यासमोर उडी मारली. "ती करणी नाहीये! लेथ आहे!"

बांबू थांबले. कोयतासुद्धा खाली आला.

"कुठला लेथ?" आईने विचारलं. अगदी हळू. आई ओरडते तेव्हा निभावतं. हळू बोलली की संपलं.

"तेजूने... मोबाइलवर शोधून दिला," बाबा म्हणाले. माझ्या जन्मदात्याने मला एका सेकंदात विकलं!

एकवीसच्या एकवीस हत्यारं बाहेर निघाली.

"माझ्या कूलरमध्ये ड्रिल? म्हणूनच तो चालत नव्हता!"

"काका, तो तीन वर्षं बंदच आहे."

"बोलवा भंगारवाल्याला," आई म्हणाली. बाबा मटकन बाकड्यावर बसले.

पण कांताकाकू पुढे झाल्या. "दर्शना, पूजलेलं हत्यार भंगारात? आजच्या दिवशी? नको गो बाय!"

"पहिल्यांदाच बरोबर बोललीस, कांते," शांतीमावशी म्हणाल्या. "आणि मग माझ्या कोयत्याला धार कोण लावणार?"

आईने कुंकू पाहिलं. लिंबू पाहिलं. उसासा टाकला. "ठीक आहे. पूजलेलं काही घराबाहेर जाणार नाही."

वाचलो! माझ्या लिंबाने लेथ वाचवला! मी नाचणारच होते, तेवढ्यात आईचा हात पुढे आला.

"मोबाइल दे. सगळं लोखंड याच्यातून आलं ना? म्हणजे मुख्य हत्यार हेच."

मोबाइल पाटावर कोयत्याशेजारी बसला. कॅमेऱ्यावर कुंकू, वर झेंडू. "पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं," आई म्हणाली.

मी मनात हसले. दसरा तर उद्याच!

दुसऱ्या दिवशी तिला आपट्याची पानं दिली, पाया पडले आणि पाटाकडे वळले. पाट रिकामा!

"कुठल्या दसऱ्यापर्यंत, ते मी बोलले होते का?" आई म्हणाली.

लेथ आता खिडकीखाली दिमाखात बसलाय. बाबा दुसरा वॉशर करतायत. मी हे वहीच्या मागच्या पानांवर पेनाने लिहितेय. मोबाइल आईने लपवलाय, याच एकशे ऐंशी चौरस फुटांत. दोन महिने शोधतेय. अजून सापडलेला नाही!