बॅगेचा प्लॅटिनम दर्जा

विमान कंपनीने प्लॅटिनम दर्जा बॅगेला दिला, अच्युतराव बिवलकरांना दिला नाही.

तसं पत्र नाशिकला घरी आलं. पाकिटावर नाव होतं, ‘तपकिरी बॅग, मध्यम आकार, डावं चाक तुटकं, द्वारा बिवलकर’. आत जाड कार्ड होतं आणि सदस्याच्या दीर्घ, सुखरूप प्रवासासाठी शुभेच्छा होत्या. अच्युतरावांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणार नाही तर काय? दोन वर्षं हाडं खिळखिळी केली कोणी, आणि मान मिळाला कोणाला!

ही हाडं त्यांनी हौसेनं खिळखिळी केली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, शैलजाबाईंच्या मणक्यातली चकती सरकली होती. दीड तासापेक्षा जास्त बसायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तीन वर्षं त्या कुशीवर, गुडघ्यांत उशी धरून, कशाबशा झोपत होत्या. आणि एकुलती एक मुलगी ऋजुता शिकागोला. तिथवर बसून जाणं शक्य नव्हतं आणि आडवं होऊन जाण्याचं तिकीट एकरकमी काढणं पेन्शनीत बसत नव्हतं. मग अच्युतरावांनी नियमावली वाचून काढली. पुरेसे मैल उडणाऱ्याला प्लॅटिनम दर्जा मिळत होता, आणि प्लॅटिनम सदस्याला पुढच्या, आडवं होता येणाऱ्या जागा. एक सदस्याला, एक सहप्रवाशाला.

तेव्हापासून ते स्वस्तात स्वस्त आणि लांबात लांब विमानं शोधून उडू लागले. जोहान्सबर्गला जायचं, विमानतळावरच चार तास काढायचे आणि परत यायचं. एक्केचाळीस फेऱ्या झाल्या. गाव काय बघणार, डोंबल? तिथली स्वच्छतागृहं मात्र पाठ झाली. बॅग न्यायची काहीच गरज नव्हती, पण शैलजाबाई ऐकेनात. “परदेशी जाणारा माणूस हात हलवत गेलेला बरा दिसतो का?” असं म्हणून त्या दर वेळी दोन सदरे, पंचा आणि ताज्या शंकरपाळ्यांचा डबा भरून देत. पलंगावर आडव्या पडून, एका हातानं भरत, पण भरत.

आता ऋजुताला सातवा महिना लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. “आई, तू आलीस तर मला भीती वाटणार नाही,” एवढंच ती फोनवर म्हणाली होती. आणि दर्जा मिळाला होता बॅगेला.

अच्युतराव बॅग घेऊन मुंबईला कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथे आजगावकर नावाच्या अधिकारी होत्या, वयानं ऋजुताएवढ्या.

“सदस्य आले आहेत का?” त्यांनी विचारलं.

“आणली आहे.”

“मग त्यांना बसू द्या.”

टेबलासमोर एकच खुर्ची होती. अच्युतरावांनी बॅग खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभे राहिले.

“मॅडम, मी पस्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली,” अच्युतराव म्हणाले. “शिवारंच्या शिवारं मोजली. इथून निघून तिथं पोचलेले दोघे सारखंच अंतर जातात. यात दोन मतं होऊ शकत नाहीत.”

“अंतर सारखंच आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण तुम्ही सवलतीच्या तिकिटावर गेलात. सवलतीच्या प्रवाशाचा एक मैल आम्ही पाव मैल धरतो. या सदस्या मात्र त्या तिकिटात बसत नव्हत्या, त्यात सामान धरलेलं नसतं. त्यांचं भाडं तुम्ही दर वेळी वेगळं आणि पूर्ण दरानं भरलंत. त्यांचा मैल पूर्ण धरला.”

“म्हणजे तुमच्या मते मी जोहान्सबर्गला निघालो तो कुठं पोचलो?”

बाईंनी नकाशा उघडला, पट्टी ठेवली. “अरबी समुद्रात.”

“एक्केचाळीस वेळा?”

“नोंद तशीच आहे.”

“आणि ही?”

“त्या दर वेळी व्यवस्थित पोचल्या.”

अच्युतरावांना वाटलं, टेबल उचलून आपटावं. खात्यात असताना बांधावरून कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं त्यांनी पाहिली होती, पण तीसुद्धा इतकं उघड उघड खोटं बोलत नसत. “अहो, हिला उचलली कोणी? पट्ट्यावरून ओढून काढली कोणी? हिचं चाक तुटलं तेव्हा कडेवर घेऊन कोण फिरलं?”

“त्याबद्दल सदस्यांच्या मनात आदर असेलच,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे ‘मालक’ असा रकाना नाही. सहप्रवासी असा आहे. तो कोण असावा हे सदस्य ठरवतात. तुम्हाला कोणाचं नाव सुचवायचं असेल तर सदस्यांच्या नावे अर्ज करा आणि त्यांना वाचून दाखवा.”

त्यांनी अर्जाचा कोरा नमुना पुढे सरकवला. मायन्याच्या जागी छापलेलंच होतं: ‘माननीय’.

अच्युतराव बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि घरी फोन लावला.

“शैला, मी हे करणार नाही. भाजीबाजारात घासाघीस करून घेतलेली बॅग. एसटीच्या टपावर फेकत आलो तिला जन्मभर. तिला माननीय लिहू?”

पलीकडे शैलजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अहो, पस्तीस वर्षं साहेबांना माननीय लिहिलंत. त्यातल्या एकाला तरी अक्कल होती का? हिचं निदान कुलूप तरी लागतं.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व तुमचं आणि पाठ माझी. दोन वर्षं तुम्ही माझ्यासाठी उडलात म्हणता. मी विचारलं होतं का हो, मला एकटीला घरी ठेवून उडा म्हणून? मला लेकीकडे जायचंय. लिहा.”

दोन वर्षांत त्या असं काही बोलल्या नव्हत्या. अच्युतरावांनी फोन ठेवला. ते आत गेले आणि त्यांनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला. मग खुर्चीसमोर उभं राहून वाचू लागले.

“माननीय सदस्य महोदया, विनंती अशी की, माझी पत्नी सौ. शैलजा हिला आपली सहप्रवासी म्हणून शिकागोपर्यंत न्यावं. तिला बसवत नाही. ती घोरते, पण फार नाही. आपल्यात दर वेळी शंकरपाळ्यांचा डबा तीच भरत असे. कळावे.”

“आता सात मिनिटं थांबायचं,” आजगावकर बाई घड्याळ काढून म्हणाल्या. “सदस्यांनी हरकत घेतली नाही, तर संमती धरली जाते.”

“आणि खाली पडली तर?”

“ती हरकत.”

डावं चाक तुटकं होतं आणि खुर्ची गुळगुळीत रेक्झिनची होती. चौथ्या मिनिटाला बॅग इंचभर सरकली. अच्युतराव हात पुढे करणार, तोच बाई म्हणाल्या, “सदस्यांवर दबाव आणू नका.” त्यांनी हात मागे घेतले. जमिनीच्या वादात माणसांना घाम फुटताना त्यांनी पाहिला होता, आज त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. बॅग आणखी थोडी कलली आणि खुर्चीच्या हातावर टेकून थांबली. सात मिनिटं झाली.

“संमती,” बाईंनी लिहिलं आणि शिक्का मारला. “सदस्या समजूतदार आहेत.”

ठरल्या दिवशी विमानतळावर बॅग आणि शैलजाबाई वेगळ्या दारानं पुढे गेल्या. शैलजाबाईंना व्हीलचेअर मिळाली, बॅगेला गरम पंचा मिळाला. अच्युतरावांनी स्वतःसाठी त्याच विमानाचं सवलतीचं तिकीट काढलं होतं. अगदी मागे, मधली जागा, डावीकडे एक जाडजूड गृहस्थ आणि उजवीकडे दुसरे. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे बाकी होते. वर पुन्हा हा प्रवासही पावच धरला जाणार होता. म्हणजे ऋजुताच्या दारात उभे राहिले तरी कंपनीच्या लेखी ते अजून वाटेतल्या एखाद्या वाळवंटातच असणार.

चार तास ते धुमसत राहिले. मग त्यांनी तक्रारीचा फॉर्म मागितला आणि दोन्ही बाजूंनी भरून काढला. मोजणी खात्याच्या भाषेत, मुद्देसूद, कुठेही तोल जाऊ न देता. बॅगेनं आपल्या कष्टांवर बेकायदा कब्जा केला आहे, ही हद्द पुन्हा मोजण्यात यावी, असं त्यांनी लिहिलं. शेवटी सही केली आणि ते पुढच्या पडद्यापाशी गेले.

हवाई सुंदरीनं त्यांना अडवलं. तिनं फॉर्म पाहिला. “सदस्यांविरुद्धची तक्रार त्यांच्या समोरच नोंदवावी लागते. त्या झोपल्या आहेत. उठवू का?”

तिनं पडदा थोडा बाजूला केला. बॅग आडवी होती, पट्टा बांधलेला, अंगावर चादर. शेजारच्या जागेवर शैलजाबाई होत्या. उताण्या, पाय सरळ लांब करून, दोन्ही हात मोकळे सोडून. उशी बाजूला पडली होती. तोंड उघडं होतं आणि त्या घोरत होत्या.

अच्युतराव बघत राहिले.

“सर, उठवू का त्यांना?”

“नको,” ते हळू आवाजात म्हणाले. “झोपू दे.”

“सदस्यांना?”

“दोघींनाही.”

त्यांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला, आणि मागे येऊन, जाडजूड गृहस्थांना उठवून, आपल्या मधल्या जागेवर बसले.