जनूभाऊंचा आकडा

आमचे शेजारी जनूभाऊ दर तीन महिन्यांनी आठवडाभर घरातसुद्धा बूट घालून फिरतात. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. त्या दिवसांत मासळी बंद, हिरडीत काटा घुसला तर? रेवसच्या किनाऱ्यावरचा माणूस आठवडाभर वांगी खातो म्हटल्यावर आम्ही चेष्टा करणार नाही तर काय!

कारण त्यांच्या लिव्हरची गाठ. कॅन्सरची होती, मुंबईला ऑपरेशन करून काढली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात सुजेच्या खुणा दिसतात. त्यांचा आकडा वाढला तर गाठ परत येण्याचा धोका जास्त, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आणि जाता जाता सांगितलं, साध्या गळवानं, सर्दीनंही आकडा चढतो. झालं! भाऊंनी तेवढंच धरलं. आमच्याकडे कुणी शिंकलं की कुंपणापलीकडून हाक येते, "आकडा बिघडंल माजा." माझी बायको तर हल्ली खोकायलासुद्धा मागच्या दारी जाते.

तपासणीला त्यांच्याबरोबर लाँचनं मुंबईला, भाऊच्या धक्क्याला जायचं काम माझ्याकडे. त्यांची बायको, सुमनवहिनी, दिवसभर फोन हातात धरून घरी बसतात.

या खेपेला भाऊ जेट्टीवर लंगडतच आले. पायाला हे एवढं फडकं. म्हणे कालवं काढायला खडकावर गेलो आणि कवचानं तळवा चिरला. तेही अनवाणी, ऐन तपासणीच्या आठवड्यात! पाय टम्म सुजलेला. मी असा भडकलो म्हणता! अख्ख्या आळीचं शिंकणं बंद करणारा माणूस स्वतः अक्कल गहाण ठेवून खडकावर जातो? लाँच सुटेपर्यंत मी त्यांना झाडत होतो.

लाँच पाण्यात पुढे गेल्यावर भाऊ म्हणाले, "मास्तर, मुद्दाम गेलतो खडकावर. जेवण जात न्हाय मला. या खेपेला आकडा चढणार, आतून कळतंय. मंग सुमनला काय सांगू? पायाचं हाय म्हणून सांगता येईल. तेवढे दिवस तरी झोपंल ती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा हात धरून बसलो, दुसरं काय करणार?

डॉक्टरीणबाईंनी पाय बघून औषध दिलं. आधी हा बरा करा, रक्त मग घेऊ, म्हणाल्या. जेवणाचं मात्र मीच सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी पुढच्याच आठवड्यात पोटाची तपासणी ठरवली. भाऊ माझ्यावर रुसले. रुसू देत.

संध्याकाळी वहिनींना मी भाऊंना हवं होतं तसं पायाचंच तेवढं सांगितलं. त्या चुलीपाशी हळद गरम करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, ताट अर्धं परत येतंय, मला दिसत न्हाय व्हय? पण त्यांना बोलू नका. मी झोपलेय असं समजून तरी त्यांचा डोळा लागतो."