पंखा हातात, दिवा अंधारात

"वायरमन गुरुवारी येणार म्हणे! दहा मिनिटांचं काम आहे, मीच करतो!" असं म्हणून जावईबापूंनी बाह्या सरसावल्या.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या त्याच दुपारी लेकीकडे राहायला येणार होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांवर उजेड नको. उकाडा तर असा की भिंतींनाही घाम फुटावा! आणि त्या खोलीत पंखा आणि छतात पक्का बसवलेला, काढता न येणारा दिवा एकाच बटणावर. वारा हवा तर उजेड घ्या, उजेड नको तर उकडून मरा! दोघांची बटणं वेगळी करायलाच हवी होती.

बायको आईला आणायला गेली. जावईबापूंनी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढले आणि पंख्याच्या वरची, वायरी झाकणारी वाटी सोडवायला लागले. स्क्रू काही हलेना. शेजारचा बोल्ट मात्र गुणी निघाला, चटकन सुटला. सुटल्यावर कळलं, सगळा पंखा त्याच्यावरच लटकला होता!

पंखा थेट दोन्ही हातांत आला. खाली ठेवावा, तर वर वायरी अडकलेल्या. उतरावं, तर स्टूल डुगडुगतंय.

"कोणीतरी या हो! सोडता येत नाहीये!"

शेजारच्या शिंपीकाकांनी हाक ऐकली. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, लाकडाने सोडवायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन धावत आले आणि जावईबापूंच्या पोटरीवर सटासट सुरूच झाले!

"सोड! सोड म्हणतो ना!"

"काका, मेन बंद आहे!"

"अरे देवा, डोक्यापर्यंत करंट गेला! बडबडायला लागला!"

तेवढ्यात दारात बायको आणि काळा चष्मा लावलेल्या सासूबाई. आता पंखाच काय, अब्रूही हातातून सुटणार!

"मारू नका त्यांना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "खालून पंख्याला आधार द्या. जावईबापू, वायरी कुठल्या रंगाच्या आहेत?"

"आई, तुम्हाला यातलं...?"

"बावीस वर्षं पंख्याच्या कारखान्यात होते मी."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. जावईबापूंनी कधी विचारलंच नव्हतं!

सासूबाई शेजारच्या खोलीत डोळे मिटून बसल्या आणि तिथून सांगत गेल्या. आधी वायरी सोडवून पंखा खाली घेतला. बटणापासून छतापर्यंत एकच तांबडी वायर होती, दिव्यासाठी शेजारच्या रिकाम्या बटणापासून दुसरी ओढायची होती. ती भिंतीतल्या पाइपातून ओवायचं काम शिंपीकाकांना दिलं. सुईत दोरा ओवण्यात जन्म गेलेला माणूस, पहिल्या झटक्यात ओवली! सांधे पक्के झाले, बोल्ट जागेवर बसला, मेन सुरू झाला. एक बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा गप्प!

सासूबाई अंधारात आडव्या झाल्या. "आहाहा! काय गार वाटतंय!"

जावईबापूंनी हात जोडले. "आई, तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले? माझ्यासाठीच तर चढलात ना स्टुलावर? आणि एवढा मार खाल्लात, तरी पंखा पाडला नाहीत. आमच्या कारखान्यात तुम्हाला डोळे मिटून घेतलं असतं!"

जावईबापूंची छाती फुगली. "खरंच, आई?"

"हो. पंखा धरायला. स्क्रूड्रायव्हर मात्र कुलपात ठेवला असता!"