कापून किती हाती

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२०. रक्कम एक हजार पन्नास युरो. हजर तिघे: माझ्या समोरच्या फ्लॅटमधला निखिल माईणकर, मिरजेहून त्याच्याकडे आलेले त्याचे वडील आणि मी. स्थळ डब्लिनमधला एक कॅसिनो. इथला कॅसिनो कागदोपत्री सभासदांचा क्लब असतो. पासपोर्ट दाखवून दारात फॉर्म भरावा लागतो. माईणकरकाकांना त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त आवडला तो फॉर्म.

काकांनी आधी रूलेटच्या फिरत्या चाकावर दहा-दहा युरो दोनदा लाल रंगावर लावून घालवले. मग तीस युरो एकतीस आकड्यावर ठेवले. एकतीसच का, असं मी विचारलं.

"एकतीस मार्च," काका म्हणाले. "चौतीस वर्षं त्या तारखेनं छळलंय. बघू, काही परत देतीय का."

चेंडू एकतीसवर थांबला. पस्तीस पट. मी आणि निखिल ओरडलो. काकांनी जिंकलेल्या पैशांच्या चिप्स पुढे सरकवणाऱ्या मुलीकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "आफ्टर कटिंग, हाऊ मच इन हँड?"

निखिलने तिला समजावलं की वडील टॅक्सबद्दल विचारतायत. "नो टॅक्स. इट्स ऑल युवर्स," ती म्हणाली, "यू आर ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, काळजी नको. काकांचा चेहरा पडला. जिंकून इतका खट्टू झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काका मिरजेला एका शिक्षणसंस्थेत पगारपत्रकाचे कारकून होते. दोनशे शिक्षकांच्या पगारातून कर, फंड, सोसायटीचा हप्ता कापण्यात त्यांची नोकरी गेली. पूर्ण रक्कम माणसाच्या हाती पडू शकते यावर त्यांचा विश्वास नाही. त्यामुळे "कापून किती हाती?" हा प्रश्न ते कशालाही लावतात. काका सँट्रीत, डब्लिनच्या आमच्या उपनगरात, आल्यावर निखिलने हौसेने तीन किलोची कोंबडी आणली, तर काका म्हणाले, "हाडं कापून किती हाती?" हवामानखात्याने पाच तास ऊन सांगितलं, की काका खिडकीत उभे. "ढग कापून?" माझ्या बायकोने, मेधाने, आपलं लग्न तेवीस वर्षं टिकलं असं कौतुकाने सांगितलं, तर काकांनी माझ्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला. मेधा अजून त्या आकड्याचा विचार करते आहे.

आकड्यांच्या बाबतीत मीही तसा काटेकोर. एका गोदामाचे हिशेब बघतो. म्हणून कॅसिनोतून परतताना गाडीतच काकांना नीट सांगितलं: आयर्लंडमध्ये खेळणाऱ्याला जिंकलेल्या पैशावर कर नाही. हरलेलं कशातून वजाही होत नाही. सरकार जे घ्यायचं ते धंदा करणाऱ्याकडून घेतं.

"लेखी आहे का?" काकांनी विचारलं.

मी इथल्या कर खात्याला त्यांच्यादेखत प्रश्न पाठवला. नम्र उत्तर आलं: कर लागू नाही. काकांनी ते तीनदा वाचलं. "नको म्हणणारं सरकार जन्मात पहिल्यांदा बघितलं," ते म्हणाले, आणि नोटा पाकिटात घालून ते पाकीट कपबशांच्या कपाटात ठेवून दिलं. त्यातला एक युरोही त्यांनी खर्चला नाही.

त्यांचं परतीचं तिकीट २४ मार्चचं होतं. दोनच दिवस आधी विमानं बंद झाली. पुढे थोडी सुरू झाली तेव्हा निखिलने जाऊ दिलं नाही. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, मिरजेत साथ जोरात, घरात एकटा माणूस. काकांनी तक्रार केली नाही. इथे व्हिसाच्या मुदती आपोआप वाढत होत्या. पाच किलोमीटरपर्यंत फिरायची मुभा मिळाली, तर काका चार पूर्णांक आठला मागे वळत. "काठावर कशाला जायचं?"

नोव्हेंबरात त्यांनी माझं दार वाजवलं आणि दोन मीटर मागे जाऊन उभे राहिले.

"प्रकाशराव, तुम्ही सांगितलेला नियम कुणाचा?"

"इथल्यांचा."

"मी इथला कुठाय?"

माझी चूक तेव्हा माझ्या लक्षात आली. इथे राहून राहून आम्हा सगळ्यांना एक सवय लागली आहे. कर म्हटलं की इथलाच. आलेले आईवडील पाहुणे असतात हे व्हिसाच्या वेळी आठवतं, पैशाच्या वेळी नाही. मी बोटांवर दिवस मोजले. काका २७ डिसेंबर २०१९ ला निघाले. एप्रिलपासून तोवर भारतात दिवस दोनशे एकाहत्तर. म्हणजे त्या आर्थिक वर्षाचे ते तिथले पक्के रहिवासी, आणि रहिवाशाने जगात कुठेही जिंकलं तरी तिथे कर. जुगाराला सरसकट तीस टक्के, वर चार टक्के उपकर. बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी सुटका नाही. लाल रंगावर गेलेले वीस युरोही वजा होत नाहीत.

"जिंकलेलं सरकारचं, हरलेलं तुमचं," मी म्हणालो.

"मग बरोबर आहे," काका म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला.

निखिल मात्र वैतागला. "बाबा, रोख पैसे आहेत. मिरजेत कुणाला कळणार?"

"मला कळलंय की."

"मग रिटर्नच्या फॉर्मात नॉन-रेसिडेंट लिहू. वर्षभर इथेच तर आहात."

"गेल्या वर्षी तिथं होतो. फॉर्म गेल्या वर्षाचा आहे." मग म्हणाले, "पुढच्या फॉर्मात काय लिहावं लागंल ते पुढं. ह्यात 'रहिवासी'च लिहायचं."

भारत सरकारने रिटर्नची मुदत वाढवत वाढवत १० जानेवारीवर आणली होती. कर मिरजेच्या पेन्शन खात्यातून भरायचा, असं काकांनी ठरवलं. अडचण एकच. बँकेचा ओटीपी त्यांच्या भारतातल्या सिमवर जाणार, आणि तो फोन होता मिरजेतल्या शेजारच्या शैलावहिनींकडे.

रविवार, ३ जानेवारी २०२१. एकमेकांच्या घरी जायला तेव्हा बंदी. म्हणून दोन्ही फ्लॅटांची दारं उघडी, मधल्या कॉरिडॉरमध्ये अंतर राखून आमच्या खुर्च्या. निखिलच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या हातात कागद. मी आकडा वाचला: एक हजार पन्नास युरो, ३१ मार्चच्या साधारण ब्याऐंशीच्या भावाने शहाऐंशी हजार शंभर रुपये. कर आणि उपकर मिळून सव्वीस हजार आठशे साठ. निखिलने बटण दाबलं. काकांनी शैलावहिनींना व्हॉट्सॲपवर फोन लावून स्पीकरवर ठेवलं.

"भावजी, जेवलात का?"

"वहिनी, आधी नंबर सांगा."

"सांगते की. थंडी किती आहे तिकडं? चष्मा कुठं गेला माझा..."

चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. दुसऱ्या खेपेला त्यांनी तारीखही ओटीपीत मिसळून वाचली. निखिल म्हणाला, अजून एकदा चुकलं तर खातं बंद पडेल आणि उघडायला मिरजेला सहीला जावं लागेल. काकांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम होता.

तिसऱ्या खेपेला काका हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, पगार मोजल्यासारखं वाचा. एकेक नोट."

वहिनींनी एकेक आकडा वाचला. पडद्यावर हिरवी खूण आली. निखिलने सुस्कारा टाकून लॅपटॉप मिटायला घेतला.

"थांब," काका म्हणाले. "वहिनी, फोन ठेवू नका. अजून एक नंबर येईल. लाइटबिल भरायचंय."

"कुठलं लाइटबिल?" निखिलने विचारलं. "घर वर्षभर बंद आहे."

उत्तर फोनमधून आलं.

"अरे, पुढचा दिवा मी रोज सातला लावते की. भावजींनीच सांगितलंय. सकाळी बंद करते."

"चोरांसाठी?"

"चोर कशाला येतोय इथं? रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटावं माईणकर घरात आहेत, म्हणून."

काका आपल्या नखांकडे बघत होते. आमच्याकडे दुपारचा दीड वाजला होता, म्हणजे तिकडे सात.

"आज लावला का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच पायरीवर बसलेय. त्याच्या उजेडात तर नंबर वाचला."

निखिलने अर्धा मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. बिलाचा ग्राहक क्रमांक काकांनी न बघता सांगितला. वहिनींनी दुसरा ओटीपी वाचला, तो निखिलने टाकला. मग वडिलांना विचारून पुढच्या महिन्यापासून बिल आपोआप जाईल अशी सोय करून दिली.

मी माझ्या वहीत लिहून घेतलं. २६,८६० रुपये, भारत सरकारला. २३० रुपये, वीज कंपनीला.